दोनशे तीन ग्रॅम

पोस्ट बंद झालं तेव्हा मी काटा घरी आणला.
सरकारी होता, पण मागायला कुणी आलं नाही.
कॅन्ससच्या त्या माळावर अकरा घरं उरलेली,
गव्हाचं एक रिकामं कोठार, आणि आमचे मोर.
आमचे म्हणजे ऑटोचे. मला ती ओरड कधी सोसली नाही.
ऑटो मार्चात गेला. जूनमध्ये सात पिल्लं निघाली.

आता त्याच काट्यावर, पाकिटांच्या जागी,
टोपलीत एकेकाला बसवते.
पायातल्या दोऱ्याचा रंग, तारीख, वजन.
निळा दोरा: रविवारी दोनशे वीस.
बुधवारी दोनशे आठ.
पिसं तेवढीच, चोच तेवढीच,
पण कुणीतरी पाकीट अलगद उघडून
आतलं एक पान काढून घेतलंय.
चाळीस वर्षं पत्रं तोललेल्या हाताला ते कळतं.

पंख खाली सुटलेले,
खुंटीवरच्या ओल्या कोटाच्या बाह्यांसारखे.
दिव्याच्या उबेतही कुडकुड.
विष्ठेत रक्ताचा धागा.

सलायनाचा डॉक्टर हॉल्डरसन तसा गाईंचा.
फोनवर म्हणाला, "पिवळं आहे का? गंधकासारखं?"
लाल, म्हटलं.
"तरी बघून घे, व्हर्ना. अंदाजानं औषध देणारा
पक्ष्याला देत नाही, स्वतःच्या भीतीला देतो."

बघून घेतलं. बंद शाळेच्या लिलावातला सूक्ष्मदर्शक,
चार डॉलरचा, एका अंगाला कललेला.
साखरेचा पाक केला,
बरणीत पीच भरताना करते त्याहून दाट.
चिमूटभर विष्ठा त्यात ढवळली, गाळली,
नळीच्या तोंडावर काच ठेवून घड्याळ लावलं.
वीस मिनिटं.
जे हलकं असतं ते वर येतं.
भिंगाखाली गोल, गोल, पुन्हा गोल.
दोनशेपर्यंत मोजले आणि पुढे मोजले नाहीत.
रक्ती हगवण.

औषध पाण्यात. दुसरं पाणी नाही. पाच दिवस.
जी पीत नव्हती त्यांना चोचीच्या कडेनं थेंब थेंब,
जिभेमागचं श्वासाचं भोक चुकवत.
तिसऱ्या दिवशी पिवळा दोरा गेला.
चौथ्या पहाटे हिरवा.
मी बाटलीवरची मुदत वाचली,
जुन्या पावतीच्या पाठीवर मात्रा पुन्हा मांडली.
गणित बरोबर होतं.

मग ड्यूई. शेजारच्या रोथांचा, नऊ वर्षांचा,
ओंजळीत नाकतोडे घेऊन रोज येणारा.
फळीवर त्याच्या आईची जीवनसत्त्वांची बाटली.
"रोज दोन झाकणं घालतो, मिसेस श्लेगेल,
तुम्ही दुपारी पडता तेव्हा.
त्यांना ताकद यावी म्हणून."

फोनवर डॉक्टर बराच वेळ गप्प.
त्या जंतूला ज्या एका जीवनसत्त्वावाचून
औषध उपाशी मारतं,
नेमकं तेच पोरगं पाण्यात कालवत होतं.
मी पुढचं ताट ओढायची,
तो मागून वाढायचा.

मी ओरडले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.
तो पळाला नाही, चालत गेला.
ते जास्त लागलं.

पाणी बदललं. भुसा उपसून जाळला, कोरडा घातला.
पुन्हा पहिला दिवस.
बुधवारी निळा दोरा: दोनशे तीन.
गुरुवारी: दोनशे तीन.
काटा इतका स्थिर, की वाटलं बिघडला;
वर एक जुनं पाकीट ठेवून पाहिलं. ठीक होता.
शुक्रवारी दोनशे सहा.

ऑटो असता तर पोराला काय म्हणाला असता
मला ठाऊक नाही.
तो माझ्याशीही कमीच बोलायचा. पक्ष्यांशी बोलायचा.
वही घेऊन मी रोथांच्या दारात गेले, म्हटलं,
या चष्म्यातून काट्याचे आकडे दिसत नाहीत.
खोटं होतं.

ड्यूईनं कोपरापर्यंत हात धुतले. बसला.
मला न विचारता आधी मागच्या पानावर गेला,
पिवळा, हिरवा यांच्यापुढे रिकाम्या राहिलेल्या चौकटींत
हळूहळू, दाबून, एकेक शून्य काढलं.
मग पान उलटलं.
"निळा दोनशे एकोणीस," म्हणाला,
"आणि मला चोच मारली."